स्ट्रोकनंतर रिहॅबला भरती : थेरपीचे तीन तास आणि उरलेले एकवीस

सातरस्ता
न्यूरो वॉर्डातून आठव्या-दहाव्या दिवशी "पेशंट आता स्टेबल आहे, डिस्चार्ज घ्या, पुढे फिजिओ" असं सांगतात. घरच्यांपुढे दोन वाटा. घरी नेऊन रोज पाऊण तास फिजिओ बोलवायचा, नाहीतर रिहॅबला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, भरती करायचं. भरती ठरली की लोक जागा बघायला जातात आणि जिम बघून परत येतात. रोबो आहे, ट्रेडमिलवर टांगून चालवायचा पट्टा आहे, भिंतीएवढा आरसा आहे. विचारतात काय, तर "दिवसाला थेरपी किती तास?"

हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे असं माझं मत. उपचार कसे द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२३ची शिफारस दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस अशी आहे. धरून चाला की मुंबईत ते मिळाले. उरलेले एकवीस तास पेशंट कुठे असतो? पलंगावर, खुर्चीत, संडासात, ताटासमोर. सकाळी अकराला थेरपिस्टने खांदा सांभाळून बसवायचं आणि रात्री दोनला कुणीतरी तोच हात धरून त्याला वर ओढायचं. खांद्याचं वाटोळं जिममध्ये होत नाही, रात्री दोनला होतं. त्यामुळे पहिला प्रश्न हा : रात्रपाळीला कूस कोण बदलतं, आणि त्या माणसाला ते कुणी शिकवलंय?

जाणकारांनी लिहा. वॉर्डात पेशंटच्या वाट्याला काय येतं, कुठे चुकतं, का चुकतं. "आमच्या काकांना असं झालं" नको, कृती लिहा. वाचणाऱ्याला उद्या सकाळी वापरता आली पाहिजे.

अर्धा_कप
रुमाल टाकतेय. गिळण्यावर रात्री लिहिते, तो माझा प्रांत.

भांडुप_पश्चिम
एकवीस तासांचं गणित पटलं, पण मग त्याच गणिताने घर का नको? ज्याला आधाराने उभं राहता येतं, गिळता येतं, सांगितलेलं कळतं, अशा पेशंटला लवकर घरी सोडून तिथेच टीम पाठवणं परदेशात फायद्याचं ठरलंय. घरचा पलंग, घरचं बाथरूम, घरची भाषा. वॉर्डात शिकलेलं घरी पुन्हा शिकावंच लागतं.

सातरस्ता
@भांडुप_पश्चिम, त्यातला "टीम" हा शब्द गाळू नका. फिजिओ, ओटी, स्पीच थेरपिस्ट, नर्स आणि आठवड्याला सगळ्यांची एक बैठक. आपल्याकडे "घरी फिजिओ" म्हणजे एक माणूस, पाऊण तास, आणि पुढची व्हिजिट कांजूरला असल्यामुळे एक डोळा घड्याळावर. घराला विरोध नाही. पण नाकातून नळी, लघवीसाठी कॅथेटर, खुर्चीत बसवायला दोन माणसं, किंवा आपल्याला डावी बाजू आहे हेच पेशंट विसरलाय, यातलं एक जरी असेल तरी आधी भरती.

टिळकब्रिज
बाळबोध शंका. "ओटीला नेतोय" ऐकून घरचे ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करायला पळत आले, हा विनोद प्रत्येक वॉर्डात घडतो. ही ओटी नक्की करते काय?

चाफेकळी
ऑक्युपेशनल थेरपी. फिजिओ पाय चालवतो आणि ओटी हात चालवते, ही अर्धवट समजूत. दात घासणं, शर्ट घालणं, जेवणं, संडासला जाऊन धुऊन येणं, घड्याळ बघून औषध घेणं, हे एका हाताने किंवा दीड हाताने पुन्हा जमवणं म्हणजे ओटी. मुंबईकरांना तरी हे माहीत हवं. देशातलं ओटीचं पहिलं शिक्षण १९५०मध्ये आपल्या परळच्या केईएममध्ये सुरू झालं, कमला निंबकरांनी केलं. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. पुढे १९५५मध्ये हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. केईएम, नायर, सायन तिन्हीकडे फिजिओ आणि ओटीची कॉलेजं आहेत, त्यामुळे पालिकेच्या ओपीडीत गर्दी असली तरी हात शिकलेले असतात.

आता मुद्द्यावर, म्हणजे खांद्यावर.

खांद्याची खोबण उथळ असते. हात जागेवर राहतो तो स्नायूंच्या जोरावर. स्ट्रोकनंतर ते लुळे पडले की हाताचं वजनच सांधा खाली ओढतं. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोटाने चाचपलं तर बोटभर खाच लागते. या दिवसांत काखेत हात घालून उचललं किंवा मनगट धरून बसवलं की आतल्या पेशी ताणतात, चिमटतात, आणि आठवड्याभरात पेशंट त्या बाजूला कुणाला हातच लावू देत नाही. मग फिजिओच्या नावाने खडे.

पलंगावर वर सरकवायचं असेल तर चादर दुहेरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. पलंगाचं डोकं आधी सपाट करा, नळीने फीड चालू असेल तर त्याआधी थांबवा. दोन्ही बाजूंनी दोघांनी चादर गुंडाळून अंगाजवळ धरायची आणि एकदम सरकवायचं. डोकं उंच ठेवूनच ओढलं तर माकडहाडावरची कातडी घासली जाते आणि बेडसोअर तिथून सुरू होतो.

कूस दर दोन तासांनी. कमजोर कुशीवर झोपवायला लोक घाबरतात. झोपवायचं, फक्त खालचा खांदा अंगाखाली चेमटू द्यायचा नाही. पाठीकडून फऱ्याखाली, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, पंजा घालून फरा पुढे घ्यायचा, दंडाला धरून ओढायचं नाही. चांगल्या कुशीवर झोपवताना छातीसमोर जाड उशी, कमजोर हात खांद्यापासून बोटांपर्यंत उशीवर. मनगट उशीच्या कडेवरून लोंबत राहिलं तर सकाळी पंजा भाकरीसारखा फुगलेला दिसतो.

गळ्यातली झोळी दिवसभर नको. उभं राहताना, चालताना घाला. बसल्यावर काढा आणि हात मांडीवरच्या फळीवर किंवा उशीवर ठेवा. सतत झोळीत राहिलेला हात छातीशी आखडतो.

टिळकब्रिज
आणि शर्ट?

चाफेकळी
घालताना कमजोर हात पहिला, काढताना तोच शेवटचा. समोरून उघडणारा सैल शर्ट किंवा गाउन. गंजीचा हट्ट सोडा, ती डोक्यावरून काढताना सगळे तोच हात खेचतात.

वडाची_साल
घरोघरी खिडकीच्या गजाला लावलेली पुली आणि हातात दिलेला स्मायली बॉल यांबद्दल काय म्हणणं आहे? वॉर्डातसुद्धा नातेवाईक बॉल घेऊन येतात.

चाफेकळी
पुली नको. चांगल्या हाताने दोरी खेचली की लुळा हात डोक्यावर जातो, पण फरा त्याच्याबरोबर फिरत नाही. सांध्यात हाडावर हाड दाबलं जातं. वर चढलेला हात पाहून घरचे खूश, खांदा आतून सोललेला.

बॉल मुठीत दिला तर पेशंट मूठ आवळतो. स्ट्रोकनंतर हात मिटायचं काम आपणहून वाढतच असतं, कठीण असतं ते उघडणं. बॉलऐवजी समोर रिकामा स्टीलचा पेला ठेवा. हात पुढे न्यायचा, बोटं उघडायची, पेला धरायचा, वीतभर पलीकडे ठेवायचा, बोटं सोडायची. सोडणं हा व्यायाम आहे. एका बैठकीत पन्नास-साठ वेळा, कंटाळा येईपर्यंत.

भांडुप_पश्चिम
बॉलवर एवढी टीका जास्त वाटते. ज्याच्या हातात अजिबातच पकड नाही त्याला थोडी पकड आली तर बिघडलं काय? कडकपणा नसेल तर दाबू द्या की.

चाफेकळी
कडकपणा तपासून कुणी देत असेल तर हरकत नाही. मी पाहते ते असं की बॉल देऊन टीव्ही लावतात.

अर्धा_कप
आले. गिळणं.

नियम एकच, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात काही नाही. पाणीही नाही, तीर्थही नाही. लोकांना वाटतं ठसका लागला तरच धोका. स्ट्रोकमध्ये घशाची जाणीव गेलेली असली तर पाणी श्वासनळीत उतरतं आणि ठसका येतच नाही. घोटानंतर आवाज ओला, घरघरता झाला, श्वास भरभर झाला, दोन दिवसांनी ताप आला, एवढीच पाटी.

सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे साधं पाणी. पातळ असल्याने ते घसा मिटायच्या आत खाली पळतं. म्हणून स्पीचवाले द्रव दाट करायला सांगतात. "थोडं दाट" हे माप नाही. आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, ० ते ७, त्यात ० ते ४ पेयांसाठी. घरी तपासायची रीत सोपी. १० मिलिची सिरिंज घ्या, ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी आहे ना ते मोजा, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. दट्ट्या काढा, तोंड खालून बोटाने बंद करा, १० मिलिपर्यंत द्रव भरा, बोट काढा, १० सेकंद मोजा, पुन्हा बंद करा. आत १ मिलिपेक्षा कमी उरलं तर ते पाणीच, म्हणजे ०. १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ तर २, ८ पेक्षा जास्त उरलं पण गळतंय तर ३. थेंबही गळला नाही तर ४, ते चमच्याने भरवायचं. डिस्चार्ज कागदावर कुठली पातळी हवी ते आकड्यात लिहून घ्या.

दाट करायच्या पावडरी दोन जातीच्या. स्टार्चची स्वस्त, पण लाळ लागली की पातळ व्हायला लागते. चमचा उष्टा करून तोच वाटीत बुडवत राहिलात तर शेवटचे चार घोट वेगळ्याच पातळीचे. झँथन गमची महाग, पण टिकते. नाचणीचं सत्त्व चालेल का, असं हमखास विचारतात. चालतं, पण ते गरम असताना पातळ आणि निवल्यावर घट्ट, म्हणून ज्या उष्णतेला भरवणार त्याच उष्णतेला सिरिंज लावा.

जेवणात फसवे पदार्थ बरेच. पातळ वरण-भात हा सगळ्यांना "हलका" वाटतो, पण त्यात पाणी आणि शितं दोन्ही एकत्र असतात. घसा एकाची तयारी करेपर्यंत दुसरं उतरतं. चहात बुडवलेलं बिस्कीट हीच गोष्ट. पोहे, उपमा, कोरडी भाकरी यांचा चुरा होतो. मटकीच्या उसळीचं साल आणि मेथीचा धागा गालात अडकतो. साबुदाणा खिचडी गोळा होऊन टाळूला चिकटते. चालणारं म्हणजे एकजीव घोटलेला मुगाच्या डाळीचा मऊ भात, दाट घुसळलेलं दही, मऊ शिरा, कुस्करलेला भोपळा. मेतकूट वरून भुरभुरवू नका, तुपात कालवून भातात मुरवा.

भरवताना पेशंट नव्वद अंशांत बसलेला, भरवणारा समोर बसलेला. उभं राहून भरवलं की पेशंट मान वर करतो आणि श्वासनळी उघडी पडते. अर्धा चमचा, गिळल्याची घाटी वर-खाली झालेली बघा, मग पुढचा. जेवल्यावर कमजोर बाजूच्या गालात बोट फिरवून उरलेलं काढा आणि अर्धा तास बसवून ठेवा. "हनुवटी छातीला लावून गिळा" हा सल्ला सरसकट देऊ नका, काहींना त्याने उलटा त्रास होतो.

सुरमई_फ्राय
म्हणजे आयडी घेतलाय तो सहा महिने विसरायचा.

अर्धा_कप
काटे काढून, आमटीसारख्या दाट रश्शात घोटून मिळेल. फ्राय नाही :)

पाचवा_मजला
नळीवाल्यांसाठी पुरवणी. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आधी आणि नंतर ३० मिलि पाणी. गोळ्या कुटून देताना फार्मसिस्टला विचारा. लाँग अॅक्टिंग गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम पोटात, आणि आतड्यात विरघळणाऱ्या कुटल्या की त्यांचं संरक्षक आवरणच जातं. नाकावरची पट्टी रोज बदला, नळी बाहेर किती सेंटीमीटर आहे त्यावर पेनने खूण करा. खूण सरकली असेल तर नळी तपासल्याशिवाय फीड नाही.

कुर्ला_टर्मिनस
आम्ही तर ऐकलंय पहिल्या चोवीस तासांतच उभं करायचं, जितकं लवकर तितकं बरं. आणि इथे नुसती कूस बदलत बसलेत.

सातरस्ता
तेच तपासायला एक मोठी चाचणी झाली होती, अॅव्हर्ट नावाची. २०१५मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, पाच देशांतले २,१०४ पेशंट. चोवीस तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या गटाचा निकाल नेहमीच्या गटापेक्षा थोडा वाईट आला. तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत ४६ टक्के, नेहमीच्या गटात ५०. याचा अर्थ पलंगावर पाडून ठेवा असा नाही. पहिल्या दिवशी झपाटून व्यायाम नको, थोडं थोडं उठवा. रिहॅबला येईपर्यंत ते दिवस उलटलेले असतात, तिथे ढिलाईला ही सबब चालत नाही.

वडाची_साल
तेल मालिशवाले आणि कबुतराचं रक्त चोळणारे अजून आले नाहीत धाग्यावर?

सुरमई_फ्राय
कबुतरखान्यांवरून आधीच कमी भांडणं आहेत का मुंबईत.

पाचवा_मजला
गमतीत गंभीर. लुळ्या पायाला जोरजोरात मालिश करू नका. पाय एका बाजूचाच सुजलाय, गरम लागतोय, पोटरी दुखतेय, तर शिरेत गुठळी असू शकते. आधी डॉक्टर, मग तेल.

लघवीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो, पेशंटची सर्वांत मोठी लाज तीच असते. कॅथेटर जितक्या लवकर निघेल तितकं चांगलं. काढल्यावर लागो न लागो, दिवसा दर दोन तासांनी भांडं किंवा कमोड चेअर. नोंद ठेवायची, किती वाजता, किती मिलि, कपडे ओले झाले का. चार दिवसांत वेळा दिसायला लागतात, मग त्यांच्या दहा मिनिटं आधी न्यायचं. हे न करता डायपर बांधणं पेशंटजवळ राहायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या माणसाला सोयीचं असतं, आणि महिन्याभराने पेशंट सांगायचंच सोडून देतो. युरिनल चांगल्या हाताच्या बाजूला टांगा. संडाससाठी बेडपॅन नको, बसवा. सकाळच्या चहानंतर वीस-तीस मिनिटांनी आतडी आपणहून हलतात, ती वेळ पकडा. पाय जमिनीला टेकलेले हवेत, नाहीतर पायाखाली पाट.

दहिसर_चेकनाका
ब्युरोवरून. मावशी किंवा वॉर्डबॉय बारा तासांचे, आठ ते आठ. थेरपिस्ट शिकवतो दिवसपाळीला, रात्रपाळीची व्यक्ती ते कधी बघतच नाही. चार दिवसांनी ब्युरो माणूसच बदलतो. म्हणून पलंगावरून खुर्चीत घेण्याचा व्हिडिओ थेरपिस्टकडून याच पेशंटवर करून घ्या, इंटरनेटवरचा नको, आणि प्रत्येक नव्या माणसाकडून तुमच्यासमोर एकदा करवून घ्या.

कृती लिहितो. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी, साधारण तीस-पंचेचाळीस अंश. दोन्ही ब्रेक. पायाची पट्टी वर नव्हे, बाजूला फिरवून काढलेली, नाहीतर तिथेच पोटरी फाटते. पेशंटला पलंगाच्या कडेपर्यंत पुढे आणा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. तुमचे गुडघे त्याच्या कमजोर गुडघ्याला दोन्ही बाजूंनी धरतील असे. पकड कमरेच्या पट्ट्याला. त्याचे हात तुमच्या गळ्यात नको, तुमची मान जाईल. "नाक पायाच्या बोटांवर आणा" सांगा, तो पुढे झुकला की ढुंगण आपोआप उचलतं. उचलायचं नाही, वळवायचं. मग सावकाश मागे.

चुकतं कुठे, तर माणूस सरळ वर खेचतो. झुकल्याशिवाय कुणीच उठत नाही, तुम्हीही नाही. आत्ता खुर्चीवरून उठून बघा.

टिळकब्रिज
उठून बघितलं. ऑफिसात सगळे बघायला लागले.

चाफेकळी
डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या पेशंटबद्दल. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हे जास्त. नजर शाबूत असते, पण डावीकडचं जग हिशोबातच नसतं. ताटातला उजवा अर्धा भात संपतो, डावा तसाच. घरचे म्हणतात जेवत नाहीत. ताट फिरवा, जेवतील. वॉर्डात नेहमीचा वाद : वस्तू डावीकडे ठेवायच्या की उजवीकडे? माणसं, टीव्ही, बोलणं डावीकडून, म्हणजे मान वळेल. पण बेल, पाणी, चष्मा उजवीकडे. बेल डावीकडे बांधली तर तो ती वाजवणारच नाही, स्वतः उठायला जाईल. हे पेशंट पडतात जास्त, कारण आपल्याला काही झालंय हेच त्यांना पटलेलं नसतं. पहाटे तीन ते पाच सांभाळा, बाथरूमची वेळ.

अर्धा_कप
उजवी बाजू गेलेल्यांची दुसरी अडचण, वाचा. समजतं पण शब्द येत नाही, किंवा शब्द येतात पण भलतेच. वॉर्डात सिस्टर मल्याळी, वॉर्डबॉय मामा हिंदी, पेशंट मालवणी. मग तो बोलत नाही म्हणून "कन्फ्यूज्ड" असा शेरा फाइलवर. आधी त्याच्या घरच्या भाषेत तपासा. "हो-नाही" भरवशाचं आहे का ते बघायला उत्तर माहीत असलेले प्रश्न उलटसुलट विचारा. "हा पंखा आहे का? हा चमचा आहे का?" दहापैकी नऊ बरोबर आले तरच "दुखतंय का"ला मिळालेल्या "हो"वर विश्वास. एका वेळी एकच प्रश्न, मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. तो आकडा मोजणं नातेवाइकांना सर्वांत कठीण जातं.

पाढे, वारांची नावं, आरती कधी कधी सरळ बाहेर पडते, साधं "पाणी" मात्र नाही. ती पाठांतराची वेगळी वाट आहे, तिचा थेरपीत उपयोग करतात. शिव्याही त्याच वाटेने येतात, त्यामुळे सोज्वळ आजोबांनी सुनेपुढे काही म्हटलं तर मनावर घेऊ नका. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३पासूनची, वाचा आणि श्रवण याच विषयाची.

कुर्ला_टर्मिनस
मेडिक्लेम मिळतो का भरतीला?

दहिसर_चेकनाका
पॉलिसीत "एक्सक्लुजन कोड ०५" शोधा. विश्रांती, पुनर्वसन, देखभाल यांसाठीची भरती वगळलेली, हे विमा नियामक आयआरडीएआयचं ठरीव कलम आहे. त्याचा रोख सक्तीची विश्रांती आणि आंघोळ-कपडे अशा मदतीसाठी झालेल्या भरतीवर असतो. म्हणून भरतीच्या कागदावर नुसतं "फॉर फिजिओथेरपी" लिहिलं गेलं की दावा तिथेच मेला. नळी, गिळण्याचं मूल्यमापन, बीपीची औषधं बदलणं, फुप्फुसातला संसर्ग, कडकपणासाठी इंजेक्शन, जे उपचार खरोखर चालू आहेत ते डॉक्टरांनी कागदावर आणायला हवेत. खोटं काही लिहायचं नाही, खरं आहे तेच पूर्ण. कॅशलेसची पूर्वमंजुरी भरतीच्या आधी मागा. ती नाकारली तर पहिल्या हॉस्पिटलच्या डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कलम बघा, ठरावीक दिवसांपर्यंतची औषधं आणि कधी कधी फिजिओ त्यात बसतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र लगेच मागायला जाऊ नका, अवस्था स्थिर व्हावी लागते. सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे.

पाचवा_मजला
कागदाचाच विषय निघालाय तर, प्रगतीचा आकडा मागा. बार्थेल हा ० ते १००चा, खाणं-अंघोळ-चालणं मोजतो. बोलणं आणि डोकं मोजत नाही, म्हणजे एक शब्द न बोलणाऱ्यालाही १०० मिळू शकतात. एफआयएम १८ ते १२६, त्यात बोलणं-समजणं धरलेलं असतं. भरतीच्या दिवशीचा आणि दर आठवड्याचा लेखी घ्या. दोन आठवडे आकडा हललाच नाही तर बैठकीत विचारा की ध्येय बदलायचं का.

वडाची_साल
पायातल्या प्लास्टिकच्या पट्टीवर कुणीतरी लिहा. एएफओ.

दहिसर_चेकनाका
पाऊल लोंबत असेल तर ती लागते. आत पातळ सुती मोजा, वर बूट अर्धा-एक नंबर मोठा. पहिल्या दिवशी अर्धा तास, काढून घोटा आणि टाच बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला तर वेळ वाढवा, राहिला तर बनवणाऱ्याकडे परत, तो तापवून तेवढा भाग बाहेर ढकलतो. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत अशा पट्ट्यांची वर्कशॉप आहे.

आपल्याकडची गोची अशी की घरात चप्पल नाही. नुसतं प्लास्टिक लादीवर साबणासारखं घसरतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. घरातल्या वापराचा वेगळा, मागे पट्टा असलेला रबरी तळाचा बूट ठेवा. दुसऱ्या पायातही तेवढ्याच टाचेचा, नाहीतर कंबर एका बाजूला.

काठी चांगल्या हातात. उंची मनगटाच्या घडीएवढी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर.

भांडुप_पश्चिम
घरी सोडायच्या आधी दोन आठवडे घर मोजा. अठरा इंच बसकेची साधी व्हीलचेअर बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते, आणि बाथरूमचा दरवाजा चौकटीत चोवीस निघतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ हवं. मुंबईत पाच फुटांच्या वर्तुळाला हॉल म्हणतात.

मग बाथरूमपर्यंत खुर्ची, आत लहान चाकांची अरुंद कमोड चेअर. दरवाजा आत उघडत असेल तर बिजागऱ्या बदलून बाहेर उघडता करा, पेशंट आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. आतून कडी नको. आधाराचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला, भिंतीत अँकर बोल्टने. चिकटवायचे व्हॅक्यूमवाले दांडे ओल्या टाइलवर सुटतात. जुन्या बिल्डिंगची लिफ्ट अर्ध्या मजल्यावर थांबत असेल तर ते थेरपिस्टला सांगा, तो शेवटच्या आठवड्यात नेमक्या तेवढ्या पायऱ्या घेईल. आणि डिस्चार्जच्या आधी एक शनिवार-रविवार घरी नेऊन आणायला परवानगी मागा.

टिळकब्रिज
@सातरस्ता, मूळ प्रश्नावर येऊ. रात्रपाळीला कूस कोण बदलतं असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी "सर, आमचा सगळा स्टाफ ट्रेन्ड आहे" म्हणणार. पुढे?

सातरस्ता
पुढे डोळे वापरायचे. रविवारी जा. जेवणाच्या वेळी किती पेशंट खुर्चीत बसून जेवतायत आणि किती पलंगावर पडल्या पडल्या, ते मोजा. लुळे हात उशीवर आहेत की मांडीखाली दबलेत. युरिनल आणि बेल कुठल्या बाजूला. खुर्च्यांचे ब्रेक लावलेले आहेत का. पलंगाशी कूस बदलण्याचा तक्ता असेल तर त्यावर आत्ताच्या वेळेची नोंद आहे का, आणि रात्री आठपर्यंतच्या सगळ्या खुणा दुपारीच एका पेनने केलेल्या नाहीत ना.

अर्धा_कप
पाण्याच्या बाटल्याही बघा. "फक्त दाट द्रव"ची पाटी लावलेल्या पलंगाशी बिसलेरी उघडी दिसली तर चहा पिऊन परत या.

कुर्ला_टर्मिनस
व्हिजिटिंग अवर्स चार ते सहा असतात. जेवण सात वाजता.

सातरस्ता
पावणेसहाला वर जा आणि लिफ्टची वाट बघत बसा. मुंबईतली लिफ्ट आहे, कुणालाही संशय येणार नाही.